वाळवून आणलेलं कडवळ

आमच्या प्रयोगशाळेत येणारा जवळजवळ प्रत्येक नमुना आधी वाळतो. माती वाळते, उसाचं पान वाळतं, डाळिंबाची पानं धुऊन, पुसून, कागदी पिशवीत घालून ओव्हनमध्ये ठेवली की तीही वाळतात. मग दळायचं, चाळायचं, तोलायचं आणि पुढची कामं. ओल्या पानात पाणी किती हे रोजचं वेगळं असतं, त्यामुळे वाळवल्याशिवाय एका शेताची दुसऱ्या शेताशी तुलना होत नाही. हे मी पंचवीस वर्षांत इतक्या शेतकऱ्यांना समजावलं आहे की आता बोलताना माझं मलाच ऐकू येत नाही.

याला अपवाद थोडे आहेत. त्यातला एक मला नीट माहीत होता. तरी मी चुकलो, आणि चुकल्यावर फोनवर जे बोललो ते चुकीपेक्षा वाईट होतं. ते लिहून काढावं म्हणून बसलो आहे. बरं वाटेल अशी अपेक्षा नाही.

कडवळ म्हणजे चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी. आमच्या भागात दुभत्या गाईंना ते हिरवं कापून घालतात. पण कोवळं असताना, त्यातही पावसानं ओढ देऊन ते गुडघ्याखालीच खुरटलं असेल, तर त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य साठतं. गाय ते खाते आणि घटकाभरात आडवी होते. गावाकडे याला किराळ लागणं म्हणतात. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांनाही हे ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की आपल्या वावरातलं कडवळ आज घालण्याजोगं आहे की अजून आठ दिवस थांबायचं. ते आम्ही सांगू शकतो.

पद्धत जुनी आणि सोपी आहे. गाळणकागदाची बोटभर पट्टी पिक्रिक आम्लात आणि मग सोड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायची. ती पिवळीधमक होते. ताजे पोंगे, म्हणजे शेंड्याची कोवळी गुंडाळलेली पानं, बारीक कापून, चेचून परीक्षानळीत टाकायचे, वर क्लोरोफॉर्मचे दोन-तीन थेंब, आणि ती पट्टी आत लोंबकळत राहील अशी बुचात अडकवायची. पाल्यातून विषारी वायू निघू लागला की पट्टी पिवळ्याची केशरी होते, केशरीची विटकरी. नेमका आकडा हवा असेल तर पट्टी पाण्यात भिजवून यंत्रावर रंग मोजता येतो, पण शेतकऱ्याला विटकरी रंग दाखवला की पुरतो.

यात एकच अट आहे. पाला ताजा हवा. सकाळी कापलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, त्याच दिवशी तपासलेला. वाळत पडला की हा वायू हळूहळू निघून जातो आणि नळीत यायला फारसं काही उरत नाही.

आता बोर्डाबद्दल. आमची प्रयोगशाळा नगरला, सावेडीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. आत आलं की काउंटर, आणि काउंटरमागे भिंतीवर पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात लिहिलेल्या सूचना. त्या मी लिहिल्या आहेत. लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत चिखल आणत, पानं आणत ती कुजून यायची, वास सुटायचा. एका वर्षी वैतागून मी तिसरी ओळ घातली : ओला नमुना स्वीकारला जाणार नाही. नमुना सावलीत वाळवूनच आणावा. खाली दोन रेघा मारल्या. त्या ओळीनं आमचा त्रास खरंच कमी झाला.

त्या वर्षी जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि मग महिनाभर आभाळ नुसतं भरून यायचं. जुलैच्या शेवटी एके दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत मातीच्या डब्यांवर क्रमांक घालत होतो. काउंटरवर कुणीतरी आलं. दार उघडं होतं.

"ताई, कडवळ आणलंय. गाईला घालावं की नको, एवढं बघून द्या." आवाज म्हातारा पण खणखणीत, शब्द सुटे सुटे.

"ओलं आहे हे, गुरुजी." काउंटरवरच्या ताई त्यांना ओळखत होत्या. मातीचा नमुना घेऊन ते पूर्वी येऊन गेले होते. "ओलं घेत नाही आम्ही. बोर्ड वाचा."

चष्म्याचं घर उघडल्याचा आवाज आला. ते खरंच बोर्ड वाचत असणार.

"तिसरा मुद्दा. बरोबर आहे. चूक माझी. मला वाटलं, ताजं दाखवावं."

"वाळवून आणा. सावलीत हां."

"सावलीत. लिहिलंय तसंच."

मी हे सगळं ऐकलं. कडवळ हा शब्दही ऐकला. प्रथिनं किती ते बघायला कुणी कुणी चारा आणतात, तसंच असेल असं मला वाटलं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. "गाईला घालावं की नको" हेही मी ऐकलं होतं. पण समोर डबे होते, पाठ दुखत होती, आणि उठून बाहेर जायला लागणारी ती सात-आठ पावलं मी टाकली नाहीत.

पाच दिवसांनी ते परत आले. या वेळी मी काउंटरवर होतो. पारनेर तालुक्यातलं त्यांचं गाव. फाट्यापर्यंत चालत आणि तिथून एसटीनं, असा त्यांचा प्रवास. सत्तरीच्या पुढचे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या मास्तरकी होती, मिशनच्या शाळेपासूनची. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढली. आत कडवळाचे पोंगे होते, एकाच लांबीचे कापून, सावलीत वाळवून, हिरवट करडे झालेले. वर चिठ्ठी : गावाचं नाव, गट नंबर, कापल्याची तारीख, वेळ. इतका नीट बांधलेला नमुना माझ्यासमोर क्वचितच आला असेल.

"दोन गाई आहेत," ते म्हणाले. "वैरण संपत आली. सुनेचा जीव आहे त्यांच्यावर. एक तर तिनं वासराची गाय केलीय. ती म्हणते, थांबू. मी म्हटलं, अंदाजानं कशाला, तपासून घेऊ."

मी पुडी हातात घेतली आणि मला समजलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं : गुरुजी, आमचा बोर्ड मातीसाठी आहे, तुम्ही पहिल्यांदा आणलंत तेच बरोबर होतं, उद्या सकाळी ताजं आणा. पण ते दोनदा आले होते. तिसऱ्यांदा या असं सांगायचं म्हणजे आमची चूक कबूल करायची, ताईंसमोर, आणि रांगेतल्या तिघा-चौघांसमोर. पावणेपाच वाजले होते. मी स्वतःला सांगितलं की या म्हाताऱ्या माणसाला आणखी एक खेप नको. मला वाटतं, त्या दिवशी मी स्वतःला दयाळूसुद्धा समजलो.

नमुना लावला. रजिस्टरमध्ये 'नमुन्याची अवस्था' या रकान्यात मी "वाळलेला" असं लिहिलं. शेतकऱ्याला जो अहवाल जातो त्यावर हा रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पाहिली. पिवळी होती. खालच्या कडेला किंचित केशरी झाक होती, किंवा नव्हती. खिडकीपाशी धरली तर दिसायची, ट्यूबलाइटखाली धरली तर दिसायची नाही. मी ट्यूबलाइटखाली धरून अहवाल लिहिला : धोकादायक प्रमाणात आढळले नाही. खाली नेहमीचं छापील वाक्य होतंच, की हा अहवाल दिलेल्या नमुन्यापुरताच लागू राहील. ते वाक्य आम्हाला वाचवण्यासाठी छापलेलं असतं. गुरुजी दुपारी येऊन अहवाल घेऊन गेले, म्हणजे तिसरी खेप त्यांना पडलीच, आणि त्यांनी माझे आभार मानले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. सकाळी सुनेनं कडवळ कापून दोन्ही गव्हाणींत टाकलं होतं. एक गाय आधीच जरा मंद होती, तिनं तोंड लावलं नाही. दुसरीनं, जिला सुनेनं वासरापासून वाढवलं होतं तिनं, भराभर खाल्लं. पंधरा-वीस मिनिटांत धाप लागली, तोंडाला फेस आला, पाय फाकले आणि ती दावणीतच कोसळली. डॉक्टर दुसऱ्या गावाहून येईपर्यंत संपलं होतं.

गुरुजी माझ्यावर चिडले नव्हते. चिडले असते तर कदाचित मी खरं बोललो असतो.

"साहेब, मला एवढंच विचारायचंय," ते म्हणाले, "तुमचा रिपोर्ट तर स्वच्छ होता. मग असं कसं झालं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणालो, "वावरात सगळीकडे सारखं नसतं, गुरुजी. एखाद्या कोपऱ्यात पाणी कमी पोचलं असेल, तिथं प्रमाण जास्त असू शकतं."

हे वाक्य खरं आहे. पुस्तकात सापडेल. मी ते खोटं बोलायला वापरलं.

"म्हणजे नमुना मी मधला आणला आणि तिनं कोपऱ्यातलं कापलं."

"असेल."

"असंच असणार. तिला सांगितलं होतं मी, मधलंच काप म्हणून." फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. "बरं. तुमचा वेळ घेतला."

त्याच दिवशी मी बोर्डावर एक ओळ वाढवली : हिरव्या चाऱ्याची विषबाधा तपासणी असल्यास नमुना ताजाच आणावा. ताईंना समजावून सांगितलं. सायनाइडसाठी आलेला वाळका नमुना परत पाठवायचा हे वहीत पहिल्या पानावर लिहिलं. रंग वाळायच्या आत हे सगळं झालं. त्यात काहीच अवघड नव्हतं. ज्या माणसाशी बोलायचं होतं त्याचा नंबर फोनमध्ये होता आणि मी तो सव्वा महिना लावला नाही.

या काळात मी कामं केली, घरी जेवलो, झोपलोही. फक्त पिवळी पट्टी हातात आली की आधी खिडकीपाशी धरायची सवय लागली.

सप्टेंबरात गुरुजी पुन्हा आले. मातीचा नमुना होता, वाळवलेला, चाळलेला. मी त्यांना आत बोलावून चहा दिला. मधल्या काळात पाऊस झाला होता, त्याबद्दल बोलणं झालं. मग मी विचारलं, घरी कसं काय.

"ठीक. दुसरी गाय आहे. वैरण आता मीच कापतो." त्यांनी तळहात बघितले. "सुनेवर नाही सोपवत. आठ दिवस माहेरी जाऊन आली. मुलगा सुप्याला कंपनीत असतो, तो काही बोलत नाही तिला. म्हणजे चांगलंही बोलत नाही. होईल हळूहळू."

ते हे सगळं रोजच्यासारखं सांगत होते. जाताना मला म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी कोपऱ्याचं सांगितलंत म्हणून उलगडा तरी झाला. नाहीतर मी तुमच्या रिपोर्टलाच दोष देत बसलो असतो."

पुढच्या शनिवारी मी अर्धी रजा टाकली. पिशवीत सहा परीक्षानळ्या घेतल्या, क्लोरोफॉर्मची बाटली, ताज्या पट्ट्या. माझी कल्पना अशी होती की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मधलं आणि कोपऱ्यातलं दोन्ही कडवळ लावून दाखवायचं. दोन्ही पट्ट्या विटकरी झाल्या की मला फार बोलावं लागणार नाही. आता लिहिताना लक्षात येतं, तिथेही मी कागदालाच बोलायला लावणार होतो.

फाट्यावर उतरलो. टपरीवर बसलेल्या एकाला गुरुजींचं घर विचारलं.

"कोन्ते गुरुजी? ते चर्चजवळचे व्हय?" तो म्हणाला. "कोपऱ्यातली वैरन घालून गाय मारली सुनंनं, तेच ना?"

"तेच," मी म्हणालो.

तो कोपरा माझा होता. फोनवर मी तो एकदाच उच्चारला होता आणि तो एवढ्या लांब फाट्यावर येऊन बसला होता.

गुरुजी ओट्यावर चष्मा लावून काहीतरी वाचत होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, पाणी आणलं. मी पाणी प्यायलो आणि सांगायला सुरुवात केली. मध्येच थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून सलग सांगितलं : बोर्ड, वाळवणं, वायू, पट्टीची कड, रजिस्टरमधला शब्द, फोन.

त्यांनी चष्मा काढला.

"मी पहिल्यांदा ताजंच आणलं होतं."

"हो."

"ओल्या फडक्यात. सकाळी सहाला कापून."

"हो, गुरुजी."

"आणि तुमच्या बाईंनी परत पाठवलं."

"बोर्ड मी लिहिलाय. त्यांचा दोष नाही."

त्यांनी चष्मा मिटून खिशात ठेवला. "अडतीस वर्षं पोरांना सांगितलं, सूचना नीट वाचा," ते म्हणाले.

"मला क्षमा करा," मी म्हणालो.

"क्षमेचं नंतर बघू." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "मला सांगून काय होतंय? कोपऱ्याचं मी तिला तोंडावर बोललोय. चारचौघांत बोललोय." ते उठून ओट्याच्या कडेला गेले आणि गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "बाळ, जरा ये इकडं. हात असू दे तसेच."

ती आली. पस्तिशीची असेल. साडीचा पदर कमरेला खोचलेला, हाताला शेण. मला वाटलं, आत जाऊन हात धुऊन येईल, पण ती तशीच खांबाला टेकून उभी राहिली. गुरुजी म्हणाले, "हे नगरचे. तपासणीवाले. सांगा तिला."

मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी सोप्या शब्दांत सांगावं लागलं आणि सोप्या शब्दांत ते जास्त वाईट ऐकू येत होतं. तिनं मध्ये एकदाही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाली, "मी मधलंच कापलं हुतं. बांधापसनं धा पावलं आत. पप्पा, तुमाला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं होतंस," गुरुजी म्हणाले.

"ह्यांनाबी सांगितलं. कुनी ऐकंना. म्हनं, रिपोर्ट काय खोटा बोलतोय का." मग माझ्याकडं वळून, "दाखवता येतंय का ते? मधलं काय अन् कडंचं काय?"

"आणलंय मी सामान," मी घाईनं पिशवी उघडली.

तिनं नळ्यांकडे पाहिलं आणि हसली. आनंदाचं हसू नव्हतं ते. "चला, दावते."

घरामागे वीस पावलांवर कडवळ होतं. पावसानंतर ते माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं आणि शेंड्यांतून कणसं डोकावत होती. पिशवी हातात घेऊन मी बांधावर उभा राहिलो. फुलोऱ्यात आलेल्या ज्वारीत हे द्रव्य उतरून गेलेलं असतं. हे मला येण्याआधी सुचायला हवं होतं. माझं रोजचं काम आहे ते.

"आता ह्यात काय बी सापडायचं न्हाई. व्हय ना?" ती म्हणाली.

"नाही सापडणार."

"तवाच आला असता तर?"

"तेव्हा पट्टी लाल झाली असती."

"समद्या वावराची? का कडंचीच?"

मला "सगळ्या वावराची" म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर तिचं काम झालं असतं आणि माझंही. तिच्या बाजूनं बोलायचं म्हणून आणखी एकदा माहीत नसलेलं सांगायचं, एवढंच करायचं होतं.

"ते नक्की सांगता येणार नाही, ताई," मी म्हणालो. "तपासलंच नाही ना तेव्हा. पण तुमच्या कडवळाची तपासणी झालीच नव्हती, हे नक्की. तो रिपोर्ट असून नसल्यासारखा होता. त्याच्यावर विसंबून तुम्हाला बोलायचा कुणालाच हक्क नव्हता."

ती एक पान ओढून बोटांत चुरत राहिली. "मला त्या दिशी घालायचंच नव्हतं," ती म्हणाली. "रंग बघून वाटलं हुतं. पप्पा म्हनले, कागद आलाय." मग पान टाकून दिलं. "माझी धार राहिलीय. बसा तुमी. मंग डेअरीवर या माझ्यासंगं."

"डेअरीवर?"

"तिथंच तर बोलत्यात समदे. ओट्यावर बोलून कुनाला कळायचं?"

दूध संकलन केंद्र देवळापलीकडे, पत्र्याच्या खोलीत. संध्याकाळचं संकलन चालू होतं. आठ-दहा माणसं किटल्या, कॅन घेऊन उभी, आत टेबलावर फॅटचं मशीन टीं-टीं करत होतं. ती रांगेत उभी राहिली, मी तिच्या मागे. गुरुजी आले नव्हते. येतो म्हणाले होते, पण ओट्यावरून उठले नाहीत.

"पावनं कोन म्हनायचं?" पुढच्या एकानं विचारलं.

"नगरचं सायेब हायेत. चारा तपासत्यात," ती म्हणाली. "त्यांना काय तरी सांगायचंय. सांगा, सायेब."

मी बोललो. अर्ध्यातच मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं बोला ओ, हिकडं ऐकू येईना." मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मशीनवरच्या माणसानं हातातलं माप खाली ठेवलं.

"म्हंजी रिपोर्टच खोटा?" पुढचा माणूस म्हणाला.

"खोटा म्हणजे, नमुना वाळलेला असल्यामुळे..." मी थांबलो. "हो. खोटाच म्हणा."

"आन् हिनं कोपऱ्यातलं कापलं, ते?"

"ते मी बोललो होतो. मला काही माहीत नसताना."

पुढच्या माणसानं कॅन खाली ठेवला. मग एकजण म्हणाला, "आरं तिच्या! आमच्या मातीचा रिपोर्टबी तुमचाच हाय. दोन वर्सं झाली, त्या कागदावर खत टाकतोय मी. त्ये तरी खरं हाय का?"

"माती वाळवूनच तपासतात, ते बरोबर आहे."

"बघा बाबा. न्हाईतर पुढल्या साली यायचा सायेब, म्हनायचा चुकलं."

हशा झाला. मागून कुणीतरी मशीनकडे बोट दाखवून म्हणालं, "ह्याला तपासा आधी. ह्यो रोज आमचं दूध वाळवूनच मोजतोय." त्यावर मशीनवरचा माणूस चिडला, "तू पानी कमी घाल, मंग बघ." आणि पुन्हा हशा झाला. मला वाटलं, संपलं, माझं बोलणं यातच विरून गेलं. पण दाराशी बसलेली एक म्हातारी कुणाकडेही न बघता म्हणाली, "गाय गेली ती गेली. पोरीला किती बोलला रं समदे. मीबी बोलले." आणि मग हसणं थांबलं.

त्यांच्यातल्या कुणी तिची क्षमा वगैरे मागितली नाही. रांग पुढे सरकली. तिच्या पाळीला तिनं किटली ओतली. एका गाईचं दूध, किटलीच्या अर्ध्यावर होतं. मशीनवरच्या माणसानं तिला "वैनी, सावकाश" एवढंच म्हटलं. तो एरवी असं म्हणतो का, मला माहीत नाही.

बाहेर आलो. माझी शेवटची गाडी फाट्यावरून सुटायला अजून अर्धा तास होता. पाय दुखत होते आणि मला फक्त जायचं होतं. मी म्हणालो, "ताई, निघू का मी?"

ती रिकामी किटली कठड्यावर ठेवून पदराला हात पुसत होती. मग कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला.

"घरी मी सांगते. ह्यांनाबी सांगते, रातपाळी सुटली की," ती म्हणाली. "पन माझ्या आईला न्हाई पटायचं माझं. आठ दिस तिथं हुते तर रोज म्हनायची, तूच काय तरी बघितलं न्हाईस. तिला तुमीच सांगा."

तिनं नंबर लावला. "आई, एक जन बोलायचं म्हंत्यात. इचारू नको काय, नुसतं ऐकून घे." आणि फोन माझ्या हातात दिला.

"कोन बोलतंय?" पलीकडून एका बाईचा आवाज आला, मागे मालिकेचं संगीत.

"मी नगरहून बोलतोय," मी म्हणालो. "मी चारा तपासायचं काम करतो. तुमच्या मुलीच्या गाईबद्दल सांगायचं होतं."

"काय झालं आता आनिक?"

"आता नाही. मागचंच. चूक माझी होती, ते सांगायचंय."

"थांबा वाईच," ती म्हणाली. "टीव्ही बारीक करते." पावलांचा आवाज आला, संगीत बंद झालं. लेक माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"हं, बोला."